सगुणाताईला उचलायचं नाही

"मला कुणी उचलणार नसेल तर येते," सगुणाताई फोनवर म्हणाली आणि मी म्हणालो, "हॅट्, कोण उचलतंय तुला."

माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं या 'हॅट्'पासून सुरू झालेली आहेत. लग्नात मी 'हॅट्, घोड्याला काय घाबरायचं' असं म्हणालो होतो. पुढचं व्हिडिओत आहे. रेणुका, म्हणजे माझी बायको, ते पाहुण्यांना दाखवते.

सगुणाताई माझी थोरली बहीण. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून व्हीलचेअरवर. शिरगावला तिचं बैठं घर आहे, शिवणाचा क्लास आहे, मागे जादा चाकं लावलेली स्कूटर आहे आणि अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात कुणालाही गप्प करील अशी जीभ आहे. कॅरम असं खेळते की समोरच्याने पावडर मारायची आणि बघत बसायचं. पण आजवर एका स्पर्धेत खेळलेली नाही, कारण आपल्याकडे स्पर्धा सभागृहात होतात आणि सभागृहं पायऱ्यांवर बांधतात. नातेवाइकांच्या लग्नात चौघं जण तिला खुर्चीसकट उचलून वर नेत. एका लग्नानंतर ती म्हणाली, "माणूस चौघांच्या हातांवर एकदाच जातो. मी दर लग्नाला जाऊन परत येते. आता पुरे." तेव्हापासून तिने कुणाला हात लावू दिला नाही. जिथे चाकं जातील तिथे ती जाते, बाकी ठिकाणी आहेर पाठवते. माझं घर बांधून झालं तेव्हा वास्तुशांतीला आली, अंगणात थांबली, रेणुकाच्या हातात नारळ दिला आणि तिथूनच "घर छान हो" म्हणून परत गेली.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या वाडीच्या क्रीडा मंडळाचं रौप्यमहोत्सवी वर्ष होतं. सभेत मी सहज म्हणालो की नेहमीच्या क्रिकेटऐवजी यंदा दिव्यांगांसाठी शनिवार-रविवार इनडोअर खेळ घेऊ, कॅरम आणि बुद्धिबळ. सूचनेला कुणी विरोध केला नाही. मंडळात ज्या सूचनेला विरोध होत नाही ती मांडणाऱ्याच्याच गळ्यात पडते, त्यामुळे मी संयोजक झालो. व्यवसायाने मी एका हायस्कुलात मुख्य लिपिक आहे. अर्ज, परवानग्या, जावक क्रमांक यांना मी भीत नाही. इतरांना मी भीती घालतो.

नावं धडाधड आली. राजापूरहून गंगारामकाकांचं आलं, ते पूर्ण अंध आणि बुद्धिबळाचे वेडे. लोट्याच्या कंपनीतल्या दर्शनचं आलं, त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. आणि सगळ्यात शेवटी, त्या 'हॅट्'नंतर, सगुणाताईचं. नाव देऊन झाल्यावर तिने विचारलं, "हॉलला पायऱ्या आहेत काय रे?"

स्पर्धेसाठी ठरवलेल्या त्या हॉलमध्ये मी शेकडो वेळा गेलो असेन. पायऱ्या आहेत की नाहीत ते मला सांगता येईना. पायांना जे सहज जमतं त्याची डोळे नोंद घेत नाहीत. जाऊन बघितलं तर पायऱ्या होत्या, आणि चांगल्या छातीभर उंचीच्या होत्या.

हॉलच्या व्यवस्थापकांना मी विचारलं, "रॅम्प असेलच ना?"

"आहे की," ते म्हणाले. "मागच्या बाजूला."

मागच्या बाजूला गेलो. रॅम्प खरंच होता. त्याच्यावर जनरेटर बसवलेला होता, तोही सिमेंटमध्ये, पुढच्या दोन पिढ्यांसाठी.

"हा हलवायला लागेल," मी म्हणालो.

"दिव्यांग आले की हलवू."

"आजवर कुणी आले नाहीत?"

"नाही ना. म्हणून तर जनरेटर इथे ठेवला."

"अहो, पण जनरेटर आहे म्हणूनच ते येत नसतील."

व्यवस्थापकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "साहेब, येत नाहीत तोवर हलवायचा कशाला? आणि हलवला, तर ठेवायचा कुठे? दुसरी जागा रॅम्पची नाही."

असं उत्तर मी स्वतः शाळेत पालकांना रोज देतो. समोरून ऐकायची सवय नव्हती.

शेजारी महेंद्र राहतो. तो लोट्याला एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता. निवृत्त झाला तरी तो धोका शोधायचा थांबलेला नाही. आमच्या पूजेला येतो आणि समईपासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजतो. तो म्हणाला, "शिवगण, लाकडी उतार करा. पण नियम आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी." आम्ही मोजलं. नियमाप्रमाणे उतार केला असता तर त्याची सुरुवात रस्त्यापलीकडच्या न्हाव्याच्या दुकानात, आरशापाशी झाली असती. न्हावी तयार होता. रस्ता तयार नव्हता.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं, क्रेन आणा. कुणी म्हणालं, खेळाडूंना रस्त्यावर बसवा आणि सोंगट्या वर पाठवा. वाडीतल्या सानेकाकू म्हणाल्या, देवाच्या पालखीला खांदे देतो तसे द्यायचे, त्यात कसला कमीपणा. मी त्यांना म्हटलं, देवाने कधी तक्रार केली नाही म्हणून चालतं, ताई करील.

शेवटी मांडववाला दादू पुढे झाला. "साहेब, तुमी चिंता करू नुको. फळ्या मापात कापतंय, वर लाल गालिचा ठोकतंय. लोण्यावानी गाडी जाईल." आणि शुक्रवारी संध्याकाळी उतार तयार झाला. दिसायला देखणा होता. जरा उभा होता, एवढंच. दादूच्या मते तो उतार होता, महेंद्रच्या मते तो अपघात होता आणि फक्त व्हायचा बाकी होता.

"चाचणी घ्या," महेंद्र म्हणाला.

चाचणीसाठी एका संस्थेकडून व्हीलचेअर आणली होती. तीत बसायला कुणी तयार होईना. संयोजक या नात्याने मी बसलो. दादू आणि त्याची दोन माणसं मला ढकलत वर घेऊन निघाली. अर्ध्यावर गेलो. आणि दादूचा फोन वाजला.

दादू सज्जन माणूस आहे. कुणाचा फोन चुकवत नाही. त्याने "एक मिनिट हां साहेब" म्हणून हात काढला, आणि त्याच्या माणसांना वाटलं की थांबायचं आहे, म्हणून तीही हात काढून बाजूला झाली.

मी उलटा निघालो. त्यामुळे आपण कुठे चाललो आहोत हे मला दिसत नव्हतं. पण ज्यांना ते दिसत होतं त्यांचे चेहरे मला स्वच्छ दिसत होते, आणि त्यावरून अंदाज येत होता. महेंद्रच्या चेहऱ्यावर तर समाधान होतं. पदपथ गेला, रस्ता गेला, एक रिक्षा आपल्या धर्माने बाजूला झाली, आणि गोदामावशीच्या शहाळ्यांच्या ढिगात जाऊन मी थांबलो. मी थांबलो, शहाळी थांबली नाहीत. ती उतारावरून बाजाराच्या दिशेने निघाली.

"मेल्या," गोदामावशी म्हणाली, "ह्या वयात गाडी शिकाया घेतलंस?"

पण गंमत पुढेच आहे. लोक जमले. एक बाई दादूला म्हणाल्या, "यांना पाणी देऊ का?" दुसरे गृहस्थ दादूला म्हणाले, "यांना कधीपासून आहे हे?" मी तिथे बसलेलो, शुद्धीवर, जिभेसकट. पण माझ्याकडे कुणी बघेना. खुर्चीला चाकं लागली की माणसाचं सगळं बोलणं ढकलणाऱ्याकडे जातं, हे मला त्या दिवशी कळलं. मला भयंकर राग आला. मी ताडकन उठून उभा राहिलो, तर त्या बाईंनी हात जोडले. त्यांना तो चमत्कार वाटला असावा.

रात्री आठच्या आत गावभर झालं की शिवगण साहेबांचे पाय गेले. शाळेतले शिपाई सफरचंद घेऊन आले. मुख्याध्यापकांचा फोन आला, तो माझ्या तब्येतीपेक्षा माझ्या जागी कोण बसणार या विषयावर जास्त होता. मी दार उघडायला स्वतः जात होतो, तरी लोक मला बघून म्हणत, "उठू नका, उठू नका."

या सगळ्यात मी ताईला फोन केला. उतार जमला नाही हे सांगायचं होतं. मी इकडचं तिकडचं बोललो, मग म्हणालो, "ताई, फक्त एकदाच जर... म्हणजे मी स्वतः आणि महेंद्र, अगदी अलगद..."

पलीकडे शिवणयंत्राचा आवाज चालला होता, तो थांबला.

"नको रे," ती म्हणाली. "तुम्ही घ्या स्पर्धा. माझ्याकडे ब्लाउज पडलेत. रागावले नाही हो मी."

ताई रागावली की बरं असतं. शिव्या देते, दुसऱ्या दिवशी डबा पाठवते. ती 'रागावले नाही' म्हणाली ते मला सहन होईना. तिने नवीन स्ट्रायकर घेतला होता हे मला तिच्या क्लासमधल्या एका मुलीकडून कळलं होतं. ती या वयात पहिल्यांदा स्पर्धेला निघाली होती आणि मी तिला 'हॅट्' म्हणालो होतो. मी फोन ठेवला, तेव्हा रेणुका म्हणाली, "हर्षदभावजींची शेड आहे की."

"त्याचं नाव काढू नकोस."

हर्षद आमच्या मागच्या बाजूचा आंब्याचा व्यापारी. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, ती आमच्या वाडीत आधी कुणाच्या अंगणात जायची यावरून गेल्या वर्षी त्याचं आणि माझं वाजलं. परंपरेने मान आमचा. त्याचं म्हणणं, परंपरेच्या आधीची परंपरा त्यांची. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलत नाही. कोकणात बोलत नाही याचा अर्थ समोर येत नाही असा नव्हे. रोज समोर येतो, आणि बोलत नाही. नाहीतर कळणार कसं?

"आंब्याची शेड," रेणुका म्हणाली. "पेट्यांच्या हातगाड्या आतपर्यंत जातात. पायरी नाही, उंबरठा नाही. आणि आंबा अजून मोहोरावर आहे, शेड रिकामी आहे. मी वहिनींना फोन केलाय. ते वाट बघतायत."

माझ्या मानापमानाचा या घरात कुणी विचार करत नाही.

गेलो. महेंद्रला मध्ये घेतलं, कारण थेट बोलणं शक्य नव्हतं. हर्षद शेडच्या दारात खुर्ची टाकून बसला होता.

"महेंद्र, त्यांना विचारा," मी म्हणालो, "शनिवार-रविवार शेड मिळेल का."

"महेंद्रशेठ, त्यांना सांगा," हर्षद माझ्याकडे बघत म्हणाला, "शेड मिळेल. भाडं नको. शिमग्याला पालखी पहिली माझ्या अंगणात."

महेंद्रने दोन्ही वाक्यं इमानाने पोचवली, जणू आमच्यात समुद्र होता. मी शेडकडे पाहिलं. रस्त्यापासून आतपर्यंत सिमेंटचा संथ उतार होता, एखाद्या बाळाला पाळण्यात सोडावं इतका मऊ. हापूसला धक्का लागू नये, डाग पडू नये म्हणून तो केला होता. या गावात आंब्याला कुणी पायऱ्या चढायला लावत नाही आणि चौघांनी उचलतही नाही. मला तो उतार बघून खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण आजोबांपासूनचा मान आडवा येत होता.

"महेंद्र, त्यांना सांगा," मी म्हणालो, "दिली पालखी."

हर्षदचा चेहरा पडला. त्याला वर्षभर पुरेल असं भांडण हवं होतं, आणि मी ते दोन शब्दांत संपवलं होतं.

शनिवारी सकाळी शेड झाडली. पेंढ्याचा वास होता, कोपऱ्यात रिकाम्या पेट्यांची चळत होती. कॅरमचे स्टँड उंच पडले, तर हर्षदच्या माणसांनी दोन बाजूंना पेट्या रचून वर बोर्ड ठेवले. कुणाची खुर्ची उंच, तर एक पेटी वाढवायची. कुणाचे गुडघे अडले, तर पेट्या लांब सरकवायच्या. कॅरमच्या तयार स्टँडमध्ये ही सोय नाही.

उद्घाटन नऊला होतं. प्रमुख पाहुणे, एक माजी सभापती, आले नाहीत. साडेनऊ झाले, आले नाहीत. मग मला आठवलं की जागा बदलल्याचं खेळाडूंना कळवलं, मांडववाल्याला कळवलं, चहावाल्याला कळवलं, पाहुण्यांना कळवायचं राहिलं. फोन केला तर ते भाषण करून मोकळे झाले होते. हॉल आम्ही सोडल्यावर व्यवस्थापकांनी तो तासाभरात एका वधू-वर मेळाव्याला दिला होता. पाहुणे पायऱ्या चढून वर गेले, दिवा दिसला तो लावला, माईक दिसला तो घेतला आणि 'नियतीने दिलेल्या संकटाला हसतमुखाने सामोरे जा' या विषयावर चाळीस मिनिटं बोलले. वधू-वरांच्या पालकांना ते फार पटलं. काहींचे डोळे पाणावले. पाहुणे मला म्हणाले, "शिवगण, तुमचा कार्यक्रम उत्तम झाला." मी आभार मानले.

त्यामुळे आमच्याकडे भाषण झालंच नाही. शाल नाही, श्रीफळ नाही. गंगारामकाका म्हणाले, "झालं काय उद्घाटन? मग मांडा पट." आणि खेळ सुरू झाले. काकांच्या पटाला भोकं आणि मोहऱ्यांना खुंट्या, बोटांनी चाचपून खेळतात. चाल करून झाली की समोरच्याला म्हणतात, "बघा बुवा, मला काय दिसत नाय." समोरच्याला तेव्हा घाम फुटलेला असतो.

ताई आली तेव्हा मी रस्त्यावरच होतो. स्कूटर आली, मागून रिक्षातून खुर्ची आली. ती खुर्चीत बसली आणि तिने शेडच्या उताराकडे बराच वेळ बघितलं, जसं मी आयुष्यभर पायऱ्यांकडे बघितलं नव्हतं. माझे हात सवयीने खुर्चीच्या दांड्यावर गेले.

"हात," ती म्हणाली.

मी काढले. तिने दोन्ही चाकांना झोका दिला आणि ती गेली. उतार चढली, दार ओलांडलं, आत गेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी वळूनही बघितलं नाही, कारण आत प्रत्येक जण असाच आला होता. मी एकटाच डोळे पुसत होतो, तेव्हा पेंढ्याची ॲलर्जी असल्याचं सांगितलं. महेंद्र लगेच मास्क घेऊन आला.

ताई एकेक डाव जिंकत गेली. इथे तिचं तंत्र सांगायला हवं. तिचं निम्मं कॅरम बोटात आहे आणि निम्मं तोंडात. समोरचा नेम धरायला लागला की ती हळूच म्हणते, "आईने पाठवलान का आज डबा?" किंवा "हात का रे थरथरतोय?" आणि सोंगटी चुकते. असं करून तिने शनिवारी तीन भले भले पुरुष रडकुंडीला आणले. रविवारी उपांत्य फेरीत तिच्यासमोर बसला दर्शन.

दर्शनने नेम धरला. ताई म्हणाली, "हात थरथरतोय."

दर्शनने शांतपणे सोंगटी घातली.

"लग्न ठरलं का रे तुझं?"

त्याने दुसरी घातली. ताईने आवाज चढवला. तिसरी गेली. मग ती गप्प झाली, आणि मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच गप्प राहून खेळली, आणि छान खेळली, पण राणी त्याने घेतली. डाव संपल्यावर दर्शनने तिला खुणेने काहीतरी सांगितलं. त्याच्या मित्राने भाषांतर केलं, "तो म्हणतो, तुमचे ओठ वाचत होतो. लग्न अजून ठरायचंय."

ताई इतकी हसली की खुर्चीचा ब्रेक लावावा लागला. "हरले," ती मला सांगायला आली. चेहरा नुसता उजळला होता. "घरी तुम्ही मेल्यांनो मला जिंकू देता, काय मला कळत नाही? हा खरा हरवून गेला बघ."

आम्ही तिला कधीच जिंकू दिलं नव्हतं, आम्ही खरेच हरत होतो. पण त्या क्षणी ते सांगण्यात अर्थ नव्हता.

संध्याकाळी बक्षिसं झाली, माणसं एसटीला लागली. कुणी पडलं नाही, काही मोडलं नाही, चहा पुरला. अंगावरून पोतं उतरावं तसं मला हलकं वाटत होतं. ताई निघाली तेव्हा रेणुका म्हणाली, "ताई, चहा आमच्याकडे घेऊन जा."

"अगं, तुमच्याकडे पायऱ्या आहेत."

"होत्या," रेणुका म्हणाली.

मी रेणुकाकडे बघितलं. मला काही कळेना. घराच्या अंगणात गेलो तर दादू हातोडी घेऊन उभा होता आणि आमच्या ओसरीला लाल गालिच्याचा उतार लागला होता. तोच, माझी अब्रू घेणारा. मापात कापलेल्या फळ्या दुसरीकडे उपयोगाच्या नव्हत्या, म्हणून दादूने त्या सकाळी आमच्याच दारात आणून टाकल्या होत्या. हॉलच्या छातीभर उंचीला तो उभा पडला होता. आमच्या दोन पायऱ्यांना तो असा संथ बसला की महेंद्रने टेप काढला, मोजलं आणि मान डोलावून टेप मिटला. एका टोकाला फळी धरून हर्षद उभा होता.

"पालखी पहिली माझ्याकडे," तो म्हणाला. "लक्षात आहे ना?"

चक्क माझ्याशी बोलला. मी म्हणालो, "आहे." मग आम्ही दोघंही जरा ओशाळलो.

ताईने उताराकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते मागे बांधले. ती वर गेली, ओसरीवर वळली आणि समोर बघत राहिली. माडांच्या मधून समुद्राची पट्टी दिसत होती, सूर्य टेकला होता.

"इथून समुद्र दिसतो होय?" ती म्हणाली. "कधी बोलला नाहीस."

मग ती आत गेली. आणि मग सुरू झालं. ओटा चुकीच्या भिंतीला आहे. देवघरावर उजेड नाही. कपाट इथे कुणी ठेवतं का. वास्तुशांतीपासून साठलेल्या सूचना एकेक करून बाहेर येत होत्या, आणि रेणुका, जी माझी एक सूचना ऐकून घेत नाही, ती "हो ना, मी हेच सांगत होते" म्हणत तिच्या मागे फिरत होती. मी ओसरीवर बसून ऐकत होतो. ताई माझ्या घरात खोल्याखोल्यांतून फिरत होती आणि माझ्या घराला नावं ठेवत होती. याहून सुखाचा आवाज मी या घरात ऐकलेला नाही.

"अनिल," आतून हाक आली, "हे पडदे कुणी निवडले?"

मी निवडले होते.

"रेणुकाने," मी ओरडून सांगितलं.